लेखक शाळेत येतात तेव्हा : हायस्कूलच्या मुलांसाठी साहित्य मेळा कसा घ्यावा?



आजचा लेख आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. मी स्वतः प्राथमिकला शिकवते. मग हायस्कूलच्या मुलांबद्दल का लिहिते, असं तुम्ही विचाराल. तिसरी-चौथीत गोष्ट म्हटली की मुलं पुढे सरकून बसतात. तीच मुलं नववीत गेली की पुस्तक म्हणजे गाईड आणि लेखक म्हणजे 'कवी-लेखक परिचय' या चौकटीतलं नाव, एवढंच उरतं. ही गळती नेमकी कुठे होते आणि ती थांबवायला शाळा काय करू शकते, याचा विचार प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून करायला हवा. घरी पालकांनीही करायला हवा.

त्यावरचा एक उपाय म्हणजे जिवंत लेखक मुलांसमोर आणणं. एकच नाही, तर वेगवेगळ्या घरांतून, भागांतून आणि बोलींतून आलेले लेखक आणणं. आणि त्याला समारंभ न मानता पाठ मानणं. हा पाठ कसा घ्यायचा ते आता क्रमाने पाहू.

१. वेगवेगळे लेखक कशासाठी?

थोडा इतिहास बघू. आपलं पहिलं मराठी ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. दुसरं संमेलन १८८५ मध्ये झालं. त्याचं निमंत्रण महात्मा फुले यांना आलं, पण ते गेले नाहीत. त्यांनी पत्र लिहून कारण कळवलं. ज्यांच्या हक्कांचा आणि दुःखांचा विचार या ग्रंथकारांच्या सभांत आणि पुस्तकांत होत नाही, ते लोक अशा सभांना कशाला येतील, असा त्या पत्राचा आशय होता.

आपल्या शाळेच्या व्यासपीठाकडे बघताना हे पत्र आठवावं. समोर बसलेल्या मुलांपैकी कितींच्या घरातलं जगणं या व्यासपीठावर येतं?

पुढचा इतिहासही याच अंगाने वाचता येतो. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री यायला १९६१ साल उजाडलं. त्या कुसुमावती देशपांडे, आणि संमेलन होतं ग्वाल्हेरचं. म्हणजे पहिल्या संमेलनानंतर तब्बल ८३ वर्षांनी. पहिलं दलित साहित्य संमेलन १९५८ मध्ये मुंबईत भरलं आणि त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं. ज्यांना मोठ्या मांडवात जागा दिसली नाही, त्यांनी आपला मांडव घातला. त्यातून मराठी साहित्य किती वाढलं ते आपण जाणतोच. दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण मानेंचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', शांताबाई कांबळेंचं 'माज्या जल्माची चित्तरकथा', उर्मिला पवारांचं 'आयदान' ही पुस्तकं आली नसती, तर आपली भाषा बरीच गरीब राहिली असती.

आता वर्गात या. शेवटच्या बाकावरचा मुलगा घरी बंजारा, भिली, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा दखनी बोलतो. वर्गात तोंड उघडलं की त्याला ऐकू येतं, 'शुद्ध बोल.' दोन-तीन वर्षांत तो बोलणंच थांबवतो. लिहिणं तर दूरच. असा मुलगा जेव्हा ऐकतो की आपल्यासारखं बोलणारा माणूस पुस्तक लिहितो, त्याला पुरस्कार मिळतो, आणि तो आपल्याच शाळेत येऊन सतरंजीवर बसून बोलतो, तेव्हा त्याला कळतं की ही भाषा लिहिण्याजोगी आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी खानदेशातल्या आपल्या घरच्या बोलीत रचलेल्या गाण्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आलं आणि ते आजही वाचलं जातं. बोलीला हीन समजणाऱ्याला दाखवायला यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं?

आणि ज्या मुलाच्या घरी भरपूर पुस्तकं आहेत, त्यालाही हे हवंच. शेजारच्या बाकावरचा मित्र कसा जगतो, हे त्याला पाठ्यपुस्तकातल्या चार पानांतून पुरेसं कळत नाही.

२. कोणाला बोलवायचं?

आपल्याला वाटतं, मोठं नाव मिळालं तरच कार्यक्रम. तसं नाही. मुलांना जवळचं नाव जास्त भिडतं. पाच दिशांनी शोधा.

*तरुण लेखक :* साहित्य अकादमी २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते आणि २०१० पासून बालसाहित्य पुरस्कारही देते. दोन्ही पुरस्कारांची मराठीची यादी काढा. त्यात नवनाथ गोरे दिसतील. जत तालुक्यातल्या दुष्काळी भागात शिकण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाची त्यांची 'फेसाटी' ही कादंबरी, पुरस्कार २०१८ चा. तुळजापूरचे देवीदास सौदागर दिसतील. ते स्वतः शिंपीकाम करत आले, त्यांची 'उसवण' कादंबरीही शिंप्याच्या जगण्यावर आहे, पुरस्कार २०२४ चा. ही नावं उदाहरणादाखल. आपल्या जिल्ह्यातलं नाव शोधणं हे मुलांनाच काम म्हणून द्या.

*बोलीत आणि इतर भाषांत लिहिणारे :* वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम, भुजंग मेश्राम यांच्या कवितांमुळे आदिवासी जगणं मराठी कवितेत आलं. आपल्या भागातही बोलीत लिहिणारं कोणी ना कोणी असतंच.

*अनुवादक :* यांना कोणी बोलवत नाही. पण कन्नड, उर्दू, कोकणी किंवा हिंदीतून मराठीत पुस्तक आणणारा माणूस मुलांसमोर एकच वाक्य तीन प्रकारे करून दाखवतो, तेव्हा व्याकरणाचा तास आपोआप होतो. साने गुरुजींनी 'आंतरभारती'चं स्वप्न पाहिलं ते यासाठीच. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं, हा त्यामागचा विचार.

*कथा-कवितेपलीकडचे :* विज्ञानलेखक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, पुस्तकांची चित्रं काढणारे, नाटक लिहिणारे. 'मला गोष्टी आवडत नाहीत' म्हणणारी मुलं इथे सापडतात.

*लिखित नसलेलं साहित्य सांगणारे :* जात्यावरच्या ओव्या येणारी आजी, शाहीर, गोंधळी, वासुदेव. यांनाही लेखकाइतकाच मान द्या. तीच खुर्ची आणि तेच मानधन.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. स्त्री लेखिका फक्त ८ मार्चला, दलित लेखक फक्त १४ एप्रिलला, आदिवासी कवी फक्त ९ ऑगस्टला, असं करू नका. त्या दिवशी आलेला पाहुणा मुलांना त्या दिवसाचा प्रतिनिधी वाटतो. तोच साध्या मंगळवारी आला, तर लेखक वाटतो.

३. लेखक येण्याआधीचे तीन आठवडे

सगळ्यात जास्त काम इथे आहे. मुलांनी काहीच वाचलेलं नसेल, तर लेखक कितीही मोठा असला तरी ते भाषण होतं आणि मुलं टाळ्या कुठे वाजवायच्या एवढंच बघत बसतात.

पहिला आठवडा – वाचन : पूर्ण पुस्तकाचा हट्ट नको. पाहुण्यांचंच चार-सहा पानांचं लेखन निवडा. पुस्तकाच्या पाच प्रती विकत घ्या, आठ-आठ मुलांचे गट करा आणि गटात मोठ्याने वाचन होऊ द्या. शिक्षकांनी ते पान आधी स्वतः वाचावं. आत्मकथनांत मारहाण, भूक, अपमान असे प्रसंग असतात. कोणता भाग या वयाला पेलेल ते आपण ठरवायचं. पण सगळं कडू गाळून फक्त गोड भाग घेतला, तर तो लेखकावर अन्याय होईल.

दुसरा आठवडा – प्रश्न : प्रत्येक गटाने पाच प्रश्न लिहायचे. 'तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?' आणि 'विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल?' हे दोन प्रश्न फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा! प्रत्येक पाहुण्याला तेच विचारतात आणि उत्तरंही तीच मिळतात. त्याऐवजी मुलांना असे प्रश्न सुचवा :

– या प्रसंगात तुम्ही अमुक माणसाला गप्प का ठेवलंत?
– हा शब्द आमच्या घरी वापरतात, पण पुस्तकात कधी पाहिला नव्हता. तो ठेवू नका असं कोणी म्हणालं का?
– हे पान किती वेळा लिहिलंत? आधी काय होतं?
– घरच्यांबद्दल लिहिलंत, तर त्यांना राग आला का?
– मला शेवट पटला नाही. तुम्हाला तो तसाच का करावासा वाटला?

शेवटचा प्रश्न विचारायची मुलांना भीती वाटते. 'मला पटलं नाही' हे आदराने म्हणता येतं, हे शिकवण्यासाठी एक तास खुशाल खर्च करा. पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

तिसरा आठवडा – तयारी : निमंत्रणाचं पत्र मुलांनीच लिहायचं. जाहिरात, सूचनाफलक, कार्यक्रमपत्रिकाही त्यांनीच करायची. इथे दहावीच्या पालकांना एक सांगते. 'यात मुलांचा अभ्यास बुडतो' असं तुम्हाला वाटत असेल, तर कृतिपत्रिकेतलं उपयोजित लेखन आठवा. पत्रलेखन, जाहिरातलेखन, बातमीलेखन, सारांश, आणि पुढे निबंधात प्रसंगलेखन. साहित्य मेळ्यात हे पाचही प्रकार खरेखुरे लिहावे लागतात. 'समजा तुम्ही विद्यार्थी प्रतिनिधी आहात...' यातलं 'समजा' निघून जातं, एवढाच फरक.

४. प्रत्यक्ष दिवस

आपल्याकडच्या कार्यक्रमाचा हिशोब मांडून बघा. पाहुण्यांची वाट, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांचा ज्यांचा मान राखायचा त्या सगळ्यांची मनोगतं. लेखक बोलायला उभा राहतो तेव्हा उन्हात बसलेली मुलं कंटाळलेली असतात आणि आभार मानणारा घड्याळाकडे बघत असतो.

त्याऐवजी असा एक दिवस ठरवता येईल :

सकाळी १०.३० – ग्रंथदिंडी. ही आपली सुंदर परंपरा आहे, ती ठेवाच. फक्त पालखीतली पुस्तकं मुलांनी निवडलेली असू द्या.
११.०० – स्वागत, फक्त दहा मिनिटं. शालीऐवजी शाळेच्या ग्रंथालयासाठी पाहुण्यांचीच पुस्तकं विकत घ्या आणि त्यांवर त्यांची सही घ्या.
११.१० – लेखकाचं वाचन, वीस मिनिटं. भाषणापेक्षा स्वतःचं लिखाण वाचायची विनंती करा.
११.३० – मुलांनी घेतलेली मुलाखत, चाळीस मिनिटं.
१२.१० – जेवण. लेखक मुलांबरोबर पंगतीत बसतील. मुख्याध्यापकांच्या खोलीत वेगळं ताट नको. जे प्रश्न माइकवर विचारता येत नाहीत, ते इथे विचारले जातात.
१.०० – लहान गटांत कार्यशाळा. तीन वर्ग, तीन पाहुणे : एक कवी, एक अनुवादक, एक ओव्या गाणारी आजी. प्रत्येक गटात पंचवीस-तीस मुलं.
२.३० – मुलांचं वाचन. ज्याला वाचायचं आहे तो, ज्या भाषेत वाचायचं आहे त्या भाषेत.
३.३० – समारोप.

तारीख ठरवताना थोडं व्यवहारी व्हा. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, पण त्या सुमारास दहावीची परीक्षा असते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे पडतात.

५. पैसे आणि अंतर

छोट्या गावातली शाळा हे सगळं कसं करणार? जवळच्या तीन-चार शाळा एकत्र आल्या, तर प्रवासखर्च वाटून जातो आणि एकच लेखक दोन दिवसांत चार शाळांत जातो. मंडप आणि हारतुरे यांवरचा खर्च वाचवा, पण लेखकाचं मानधन वाचवू नका. लिहिणं हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळतात, हेही मुलांनी बघायला हवं. लेखकाला येणं जमत नसेल, तर वर्गातल्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावा. मुलांनी पुस्तक वाचलेलं असेल, तर तोही छान रंगतो.

मोठी संमेलनं, महोत्सव हेही वापरता येतात. दिल्लीत २००८ पासून 'बुकारू' नावाचा खास मुलांसाठीचा साहित्य महोत्सव भरतो. त्यातले लेखक शाळांमध्येही जातात. म्हणजे मुलांनी महोत्सवाला जावं, तसं महोत्सवानेही मुलांकडे यावं. आपल्या जिल्ह्यात साहित्य संमेलन असेल, तर आयोजकांना महिनाभर आधी पत्र लिहा : 'येणाऱ्यांपैकी एक लेखक दोन तासांसाठी आमच्या शाळेत पाठवाल का?' सहल काढायचीच असेल, तर महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार आहे. २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. पाचगणीला जाणाऱ्या शाळांच्या बस अर्धा दिवस तिथे थांबू शकतात.

६. जपून पावलं टाकायच्या जागा

हा भाग कृपया घाईत वाचू नका.

अमुक समाजातले लेखक येणार म्हणून त्या समाजातल्या मुलाला पुढे करू नका. 'हे तुमच्यातले आहेत ना, मग तूच आभार मान,' हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं तरी चाळीस मुलांसमोर त्या मुलाची जात जाहीर होते. मुलाला स्वतःहून जोडून घ्यायचं असेल, तर तो घेईल. नसेल घ्यायचं, तर तोही त्याचा हक्क आहे.

गरिबीवरचं लेखन वाचताना 'बघा, किती हाल काढले, तुम्हाला सगळं मिळतं' असा उपदेश काढू नका. एक तर वर्गात काहींना सगळं मिळत नसतं. दुसरं म्हणजे लेखकाने काय आणि कसं लिहिलं, हे त्यात हरवून जातं.

पालकांचा आक्षेप येऊ शकतो : 'असलं कशाला वाचायला देता?' निवडलेली पानं पालकसभेत आधीच वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतात. पानं डोळ्यांनी पाहिली की शंका बऱ्याच कमी होतात. पालकांनाही विनंती, की एका शब्दावरून पुस्तक ठरवू नका. पूर्ण पान वाचा, मग जरूर बोला.

७. लेखक गेल्यानंतर

खरा निकाल इथे लागतो. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. ना छपाई, ना खर्च. आपणही दुसऱ्या दिवशी हस्तलिखित अंक सुरू करू शकतो. एका पानावर कार्यक्रमाची बातमी, एकावर मुलाखत, एकावर घरच्या बोलीतले वीस शब्द अर्थासह, एकावर आजीकडून उतरवून घेतलेली ओवी. न पटलेल्या गोष्टींसाठीही एक पान ठेवा.

मुलांना मुक्ता साळवेची गोष्टही सांगा. जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध! आज जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतरही तो अभ्यासला जातो. लेखक व्हायला आधी मोठं व्हावं लागत नाही, हे सांगायला ही एक गोष्ट पुरते.

महिनाभराने ग्रंथालयाची नोंदवही उघडा आणि तीन गोष्टी बघा. पाहुण्यांची पुस्तकं किती मुलांनी नेली? आधी कधीच पुस्तक न नेलेली किती नावं नव्याने दिसतात? आणि हस्तलिखित अंकाच्या दुसऱ्या महिन्यात, कोणी न सांगता, किती मुलांनी मजकूर दिला? चाळीसांतल्या चौघांनी दिला असेल, तरी मेळा सार्थकी लागला असं समजा आणि त्या चौघांना पुढची पाहुणी किंवा पाहुणा निवडायला सांगा.

सुरुवात कुठून करायची?

एवढं सगळं एकदम नको. या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका हयात लेखकाचं किंवा लेखिकेचं एक पान शोधा आणि वर्गात वाचा. मुलांना विचारा, 'यांना भेटायला आवडेल का? भेटलात तर काय विचाराल?' प्रश्न फळ्यावर लिहून घ्या. पालक असाल, तर हेच घरी रात्रीच्या जेवणानंतर करा. मग मुलांनाच पोस्टकार्ड लिहू द्या. उत्तर आलं, तर पुढच्या सगळ्या तयारीला मुलंच तुमच्या मागे लागतील.